आसन्नाचें गणित

माघांतल्या संकष्टीस ओझरास जावें, दिवसभर विघ्नहराच्या सान्निध्यांत राहावें, आणि चंद्रोदय पाहून तेथेंच उपास सोडावा, असें आईच्या मनांत पुष्कळ वर्षांपासून होतें. यंदां तो योग आला. लहानमोठे मिळून आम्ही बाराजण दोन मोटारींतून निघालों. अष्टविनायकांपैकीं हें स्थान कुकडी नदीच्या कांठीं आहे. देऊळ पूर्वाभिमुख, भोंवतीं दगडी तट, पुढें दीपमाळा; वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनीं शिखरास सोन्याचा मुलामा देवविला असें सांगतात. दर्शन दुपारच्या आंत आटोपलें. चंद्रोदयास अवकाश फार. तेव्हां अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास असलेला आमचा पुतण्या म्हणाला, “आजी, येथून जवळच खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. आंत जावयास परवानगी लागते, पण रस्त्यावरून तरी पाहून येऊं.”

नारायणगांव मागें टाकून खोडदच्या बाजूस वळलें कीं द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोचीं शेतें यांच्यावर मान काढून एकेक पांढुरकी तबकडी दिसूं लागते. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० आहेत. पैकीं १४ मध्यभागीं सुमारें एका चौरस किलोमीटरांत दाटीनें उभ्या केल्या असून उरलेल्या १६ तीन दिशांस फांटे फुटावे तशा दूरवर पसरल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें ही दुर्बीण उभारली आणि तिची कल्पना प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची. पत्र्याच्या भरींव वाटीऐवजीं पोलादी तारांची विरळ जाळी दोरांवर ताणावी म्हणजे वारा आरपार जातो, वजन घटतें आणि खर्चही, हें त्यांनींच योजिलें.

आईनें मोटारीच्या खिडकींतून पुष्कळ वेळ पाहिलें व विचारलें, “अरे, परात एवढी मोठी, आणि बूड तर पिठाच्या चाळणीचें! हिला दिसतें तरी काय?”

“दिसत कांहींच नाहीं, आजी. आकाशांतून येणाऱ्या लहरी वीतभरापासून वांवभर लांबीच्या असतात, त्यामुळें जाळीचीं भोंकें त्यांस कळतच नाहींत. तबकडीच्या हातीं नुसता विजेचा थरकाप येतो. चित्र म्हणून जें निघतें तें सगळें गणितानें काढलेलें.”

“म्हणजे पंचांगासारखें,” आई म्हणाली.

पुतण्या हसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं, कारण पंचांग या शब्दामागें आईच्या माहेरची एक जुनी जखम आहे. तिचे वडील व चुलते एका वाड्यांत, एका चुलीवर नांदत. वडील जुन्या ग्रहलाघवी पंचांगाचे, तर धाकटे चुलते इंग्रजी शिकलेले, नव्या शुद्ध पंचांगाचे. एरवीं हा मतभेद ओटीवरच्या वादापुरता असे. परंतु एके वर्षीं तिच्या आजोबांच्या श्राद्धाची तिथि, वद्य अष्टमी, दोन पंचांगांत दोन दिवशीं पडली. दोघांपैकीं कोणीही माघार घेईना. एका वाड्यांत एकाच माणसाचें श्राद्ध लागोपाठ दोन दिवस झालें, आणि पुढच्या महिन्यांत चुली वेगळ्या झाल्या. आई तेव्हां सात वर्षांची होती. “दोघांतलें चुकलें कोण?” हा प्रश्न तिनें आम्हांस लहानपणीं अनेकदां विचारला आहे. उत्तर देण्याइतकें गणित घरांत कोणास येत नव्हतें.

त्या दिवसाच्या परतीच्या वाटेवर या प्रश्नाचा निकाल लागला, आणि तो लागला त्याच शास्त्राच्या आधारें, ज्यावर खोडदची दुर्बीण उभी आहे. म्हणून हा लेख.

ज्या प्रश्नाचें नेमकें उत्तर आंकड्यांत लिहून संपत नाहीं, त्याचें पुरेसें जवळचें उत्तर काढावयाचें, तें थोड्या श्रमांत काढावयाचें, आणि मुख्य म्हणजे आपण किती चुकलों आहों हें सांगतां यावयाचें, असें हें शास्त्र आहे. आज त्यास संख्यात्मक विश्लेषण म्हणतात. मला आर्यभटाचा शब्द अधिक आवडतो. परीघ व व्यास यांचें प्रमाण ६२८३२ ला २०००० असें देऊन त्यानें तें ‘आसन्न’ म्हणजे जवळचें आहे, असें स्पष्ट म्हटलें. इ. स. ४९९ च्या त्या ग्रंथांत हा एक शब्द घातल्यावांचूनही आंकडा तितकाच चांगला राहिला असता. पण तो घातला, यांत त्या पुरुषाचा प्रामाणिकपणा दिसतो.

घरच्या घरीं करून पाहतां येईल असें उदाहरण घेऊं. एक हात बाजूच्या चौकोनाचा कर्ण किती? ज्या संख्येस तिनेंच गुणिलें असतां २ येतात ती संख्या हवी. अदमासानें दीड धरा. दोनास दीडानें भागिलें तर एक पूर्णांक एक तृतीयांश येतें. धरलेलें मोठें, भागून आलेलें लहान, तेव्हां खरें उत्तर मधें कोठेंतरी आहे. दोहोंची सरासरी १७/१२. आतां याच संख्येनें पुन्हां दोनास भागा, पुन्हां सरासरी काढा: ५७७/४०८. दशांशांत १.४१४२१५७; खरी किंमत १.४१४२१३६. दोन फेऱ्यांत चूक दशलक्षांशांवर आली. गंमत अशी कीं, यज्ञवेदी आंखण्यासाठीं रचलेल्या शुल्बसूत्रांत कर्णाचें जें माप दिलें आहे (एकांत तिसरा हिस्सा मिळवावा, त्याचा चौथा हिस्सा आणखी मिळवावा, आणि या शेवटच्याचा चौतिसावा हिस्सा वजा करावा) तें बेरीज करून पाहिल्यास नेमकें ५७७/४०८ च भरतें.

आतां पंचांगाकडे वळूं. ग्रहलाघवाचे कर्ते गणेश दैवज्ञ कोंकणांतील नांदगांवचे. ग्रंथाचा आरंभकाल शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. त्यापूर्वीं ग्रहगणित करावयाचें तर कलियुगारंभापासूनचे दिवस मोजण्याची चाल होती आणि हा आंकडा त्या वेळीं सोळा लाखांवर गेला होता. एवढ्या संख्येचे गुणाकार-भागाकार धूळपाटीवर करतांना ज्योतिष्यांची काय तारांबळ उडत असेल! गणेश दैवज्ञांनीं सुमारें ११ वर्षांचें, ४०१६ दिवसांचें एक ‘चक्र’ कल्पिलें. चक्रें वेगळीं मोजावीं, उरलेले दिवस वेगळे. म्हणजे हातांतला आंकडा कधीं चार हजारांपलीकडे फारसा जातच नाहीं. याहून धाडसाची गोष्ट म्हणजे त्यांनीं ज्या व चाप यांची सारी खटपट ग्रंथांतून काढून टाकिली आणि त्यांच्या जागीं साधे गुणाकार-भागाकार बसविले. उत्तरांत थोडा फरक पडतो, पण तो किती पडूं द्यावयाचा हें त्यांच्या हिशेबांत होतें. ‘लाघव’ हें नांव सार्थ आहे. चार शतकें महाराष्ट्रांतील गांवोगांवचे जोशी याच पुस्तकावर पंचांगें करीत आले. आजच्या संगणकशास्त्राच्या वर्गांत ज्यास श्रमांची काटकसर म्हणून शिकवितात ती हीच, असें मी तरी म्हणेन.

मग अष्टमी चुकली कोठें? तिथि म्हणजे चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढें जाण्यास लागणारा काळ. हें अंतर दिवसास सुमारें १२ अंश, म्हणजे तासास अर्धा अंश वाढतें. तेव्हां चंद्राच्या स्थानांत अर्ध्या अंशाची चूक झाली कीं तिथि तासभर सरकली. आतां चंद्राची चाल सरळ नाहीं. कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळें तो कधीं पुढें धांवतो, कधीं मागें राहतो. आणि सूर्याच्या ओढीमुळें या फरकांत आणखी फरक पडतो. जुन्या ग्रंथांनीं चंद्रास सुमारें ५ अंशांचा एकच संस्कार दिला. अमावास्येस व पौर्णिमेस हा संस्कार बहुतेक बरोबर ठरतो, कारण त्या वेळीं सूर्यामुळें होणारा फरक पहिल्यांतून वजा होतो व बाकी ५ अंशच उरते. ग्रहणें पौर्णिमा-अमावास्येसच होतात, आणि पूर्वजांनीं पडताळा पाहिला तो मुख्यतः ग्रहणांवरच. परंतु अर्धा चंद्र असतो त्या सुमारास तेच दोन फरक एकमेकांत मिळतात आणि बेरीज साडेसात अंशांपर्यंत जाते. म्हणजे जुनें गणित अष्टमीच्या सुमारास अडीच अंशांपर्यंत, वेळेंत सांगावयाचें तर पांच तासांपर्यंत, चुकूं शकतें.

हें पुतण्यानें मोटारींत कागदावर मांडून दाखविलें तेव्हां आई कांहीं वेळ बोललीच नाहीं. नंतर म्हणाली, “म्हणजे आजोबा पौर्णिमेला गेले असते, तर वाडा एक राहिला असता.”

या एका फरकावर महाराष्ट्रांत पाऊणशें वर्षें वाद झाले. तिथि जास्तींत जास्त ५ घटका वाढते व ६ घटका घटते हा ‘बाणवृद्धि-रसक्षय’ नियम धर्मनिर्णयांत मुरलेला. नव्या गणितानें ती वाढ ७ घटकांपर्यंत व घट १० घटकांपर्यंत येऊं लागली. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं युरोपांतील नव्या गणिताच्या आधारें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ छापून काढलीं आणि शके १७८७ (इ. स. १८६५) पासून रत्नागिरीचे आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यानें नवें पंचांग सुरू केलें. तेंच पटवर्धनी पंचांग. त्यांत तिथींच्या फरकाखेरीज राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा याचाही वाद मिसळला, आणि अधिकमास सुद्धां दोन पंचांगांत निरनिराळे येऊं लागले. वाद मिटविण्यासाठीं १९०४ सालीं मुंबईस परिषद भरली. लोकमान्य टिळकांनीं या प्रश्नांत आपली बुद्धि व वजन दोन्ही खर्ची घातलीं. तरीही पंचांगें एक झालीं नाहींत. माझ्या मतें गणिताचा भाग तेव्हांच सुटण्यासारखा होता. अडलें तें आरंभबिंदूपाशीं, कारण तेथें चूक-बरोबर नसून निवड करावयाची होती, आणि निवडीच्या बाबतींत आपण फार हट्टी. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं समिति नेमली गेली, १९५५ सालीं तिचा अहवाल आला व २२ मार्च १९५७ पासून सरकारी दिनदर्शिका सुरू झाली. आकाशवाणीवर ती ऐकूं येते. घरांतल्या खिळ्यावर मात्र अजून ज्याचें त्याचें पंचांग टांगलेलें आहे.

एका स्थळाचें आणि एका माणसाचें नांव येथें घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. स्थळ म्हणजे चाळीसगांवजवळचें पाटण. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा यादव राजा सिंघणाच्या दरबारीं ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें तेथें मठ स्थापिला. त्याचा शके ११२८ च्या सुमाराचा शिलालेख डॉक्टर भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. त्याचा कांहीं भाग मराठींत आहे. गणिताच्या ग्रंथांसाठीं इनाम दिल्याची एवढी जुनी नोंद वाचली म्हणजे आपल्याकडे देणग्या केवळ अन्नछत्रांसच मिळत असें म्हणवत नाहीं.

माणूस म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०). पेशानें शिक्षक. त्यांनीं ‘ज्योतिर्गणितम्’ या संस्कृत ग्रंथांत युरोपीय ज्योतिषाचीं सूक्ष्म कोष्टकें आपल्या पद्धतीस जुळवून दिलीं. १९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत त्यांचा एक लेख आला. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, पैकीं जवळचा सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारें ३९ पट अंतरावर असून २४२ वर्षांत एक प्रदक्षिणा करीत असावा, असें त्यांनीं आंकडेमोडीवरून वर्तविलें. १९३० सालीं प्लूटो सांपडला: अंतर सुमारें साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षें. त्याच वर्षीं केतकर निवर्तले. अभिमानानें हें सांगतांना एक गोष्ट झांकूं नये. प्लूटोचें वस्तुमान इतकें अल्प निघालें कीं इतर ग्रहांच्या चालींवरून त्याचा सुगावा लागणें शक्यच नव्हतें. आंकडा जुळला, पण त्यास आज योगायोगच म्हणावें लागतें. उत्तर बरोबर येणें आणि रीत बरोबर असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आतां पुन्हां खोडदकडे. ३० तबकड्यांच्या दोन-दोन करून ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या थरकापांची एकमेकांशीं तुलना करून आकाशाचें चित्र रचावयाचें असतें. २०१९ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या सुधारणेनंतर दुर्बीण एका वेळीं ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा लहरींचा पट्टा घेऊं शकते. त्यासाठीं तबकडीकडून येणारा संदेश सेकंदास ८० कोटी वेळां मोजावा लागतो. हा पूर नुसता सांठवावयाचा म्हटला तरी जागा पुरणार नाहीं, म्हणून बरेंचसें गणित येतें त्या क्षणींच उरकावें लागतें.

तें उरकतें एका युक्तीमुळें. संदेशांतले निरनिराळे सूर वेगळे करावयाचे तर १०२४ मोजण्यांसाठीं सरळ रीतीनें सुमारें साडेदहा लाख गुणाकार पडतात. तेच काम अर्ध्या-अर्ध्या वांटण्या करीत गेल्यास दहा हजारांच्या घरांत आटोपतें. कूली व ट्यूकी या दोघांनीं १९६५ सालीं ही रीत प्रसिद्ध केली आणि जगभर तिचा गाजावाजा झाला. पुढें शोध घेतां आढळलें कीं जर्मन गणिती गाउस यानें ती १८०५ च्या सुमारासच लिहून ठेविली होती. त्याचें तें टिपण त्याच्या मरणानंतर छापलें गेलें व तसेंच पडून राहिलें. गाउसला ती कशासाठीं लागली होती? लघुग्रहांच्या कक्षा काढण्यासाठीं. म्हणजे आईचा शेरा अगदींच वावगा नव्हता. खोडदच्या यंत्रघरांतली रीत ग्रहगणिताच्याच पोटची आहे.

एवढ्यानें चित्र निघतें, पण मळकें. तबकड्या थोड्या, मधली भूमि रिकामी, म्हणून एकेका ताऱ्याभोंवतीं खोट्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. तिच्यावर १९७४ सालीं हॉगबॉम यानें काढलेला उपाय मोठा घरगुती आहे. जेवणाच्या पंक्तींत आजीचें हळू बोलणें ऐकावयाचें असेल तर आधीं सर्वांत दांडग्या पोरास थोडें गप्प करावें. मग जो मोठा ठरेल त्यास थोडें. असें करीत जावें. त्याप्रमाणें चित्रांतला सर्वांत ठळक ठिपका शोधावा, त्याचा कांहीं अंश व त्याबरोबरची रांगोळी वजा करावी, पुन्हां ठळक ठिपका शोधावा. हजारों फेऱ्यांनंतर खालचें मंद आकाश वर येतें.

राहतां राहिली हवा. पृथ्वीभोंवतीं विद्युत्भारित कणांचा थर आहे. लांब लहरी त्यांतून येतांना डोहाच्या तळाशीं पडलेल्या नाण्याप्रमाणें हालतात. २०१० ते २०१२ या काळांत खोडदहून जवळजवळ सर्व आकाशाचें १५० मेगाहर्ट्झवर निरीक्षण झालें, परंतु या हालण्यामुळें त्याचा पुरा उपयोग होईना. पुढें हॉलंडमधील संशोधक हुइब इंटेमा व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्येक दिशेस थर किती हालला हें निरीक्षणांवरूनच गणितानें काढून तें सर्व काम पुन्हां केलें, आणि २०१७ सालीं ६ लाख २३ हजारांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. निरीक्षण तेंच, तबकड्या त्याच. नवी होती ती केवळ हिशेबाची रीत.

अशा रीती एकट्यानें बसून साधत नाहींत. १९९९ सालीं २१ जूनपासून १७ जुलैपर्यंत याच केंद्रानें तरुण संशोधकांसाठीं वर्ग भरविला होता. त्यांतील व्याख्यानांचें पुस्तक जयराम चेंगलूर, यशवंत गुप्ता व के. एस. द्वारकानाथ यांनीं संपादिलें. आमच्या पुतण्याच्या मेजावर त्याचीं पानें आहेत. त्याच्याही मागें पाहिलें तर १९०७ सालीं निघालेल्या भारतीय गणित परिषदेचें ग्रंथालय पुष्कळ वर्षें फर्ग्युसन महाविद्यालयांत होतें, आणि तिच्याच पत्रिकेंत १९११ सालीं रामानुजनचा पहिला निबंध आला. तेव्हां टपालानें फिरत असलेलीं पुस्तकें वाचून दूरदूरचे शिक्षक गणित करीत. चांगदेवाच्या मठापासून ही परंपरा अखंड आहे असें मी म्हणणार नाहीं. मधें मोठालीं खिंडारें आहेत.

या दुर्बिणीचा शेजार फुकटाचा नाहीं, हेंही लिहिलें पाहिजे. तिला शांतता लागते. एक मोबाईल जवळपास बोलूं लागला तरी आकाशांतल्या कुजबुजीपुढें ती डरकाळीच. पुणें–नाशिक नियोजित रेल्वे नारायणगांवावरून न्यावयाचा बेत याच कारणानें अडला व २०२५ सालीं अहिल्यानगर-शिर्डीच्या बाजूनें जाणारा मार्ग पुढें आला. जुन्नर-आंबेगांवकडील लोकांस तें रुचलेलें नाहीं. नारायणगांवीं चहाच्या दुकानांत एक शेतकरी म्हणाले, “पोरगं दरसाल अठ्ठावीस फेब्रुवारीला शाळेबरोबर प्रदर्शन बघायला जातं, खूश होतं. पण टोमॅटो रेल्वेनं गेले असते, ते राहिलं.” माझ्यापाशीं त्यांस द्यावयास उत्तर नव्हतें. आकाशाच्या यादींतला एकही ठिपका त्यांच्या क्रेटचें भाडें कमी करीत नाहीं, आणि रेल्वे एकदां जवळून गेली तर तें आकाश पुन्हां मिळणार नाहीं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

संध्याकाळीं आम्ही ओझरास परतलों. दीपमाळांच्या पुढें सतरंजी अंथरून सर्वजण पूर्वेकडे तोंड करून बसलों. मुलें भुकेलीं होतीं. पंचांगांत चंद्रोदय मुंबईचा दिलेला होता. पुतण्यानें हिशेब केला: ओझर मुंबईच्या सुमारें एक अंश पूर्वेस, अंशास चार मिनिटें, तेव्हां येथें चंद्र चार मिनिटें आधीं उगवेल. सुनांनीं मोदकांचा डबा उघडून तयार ठेविला. सांगितलेली वेळ झाली, चंद्र दिसेना. चार मिनिटें गेलीं, आठ गेलीं. शेवटीं पलीकडच्या टेंकाडावरच्या झाडांमधून तांबूस कड वर आली.

आईनें अर्घ्य दिलें, मोदकाचा पहिला तुकडा नातवाच्या हातावर ठेविला आणि म्हणाली, “टेंकडी धरायची राहिली वाटतं तुझ्या गणितांत.”